धातूचं कोडं भेट देताना: कोणतं, कोणाला आणि कसं

धातूची कोडी, म्हणजे एकमेकांत अडकलेले तुकडे हाताने सोडवायची किंवा जोडायची खेळणी, भेट म्हणून हौसेने दिली जातात आणि त्यातली कितीतरी आठवडाभरात खणात जाऊन पडतात. कोड्यात खोट असते असं नाही. घेणाऱ्याने दुकानात उभं राहून "सगळ्यात अवघड कोणतं?" एवढंच विचारलेलं असतं. हुशार माणसाला अवघड कोडं, हा हिशोब वरवर बरोबर वाटतो. पण हुशारी वेगळी, चिकाटी वेगळी आणि फावला वेळ तिसराच.

म्हणून कोड्यावर छापलेला अवघडपणाचा आकडा सगळ्यात शेवटी बघावा. आधी बघायचं ते हे, की समोरच्याला कशा प्रकारे अडकायला आवडतं. काहींना तीच हालचाल उलटसुलट करून बघण्यात मजा येते. काहींना कागद-पेन्सिल घेऊन चाली मांडायच्या असतात. काहींना फोनवर बोलताना हाताला नुसता चाळा हवा असतो, कोडं सुटलं काय अन् नाही सुटलं काय. या तिघांना एकच कोडं दिलं तर त्यातल्या दोघांची भेट वाया गेली म्हणून समजा.

आधी माणूस ओळखा

ज्याला भेट द्यायची आहे तो काही बिघडलं की काय करतो, हे आठवून बघा. घरातलं कुलूप अडकलं, तर किल्ली हळूहळू फिरवत, कान देऊन ऐकत बसतो? मग आत काहीतरी दडलेलं असणारी कोडी त्याच्यासाठी. मोबाइलचं सेटिंग सापडेना झालं, की दोन मिनिटांत दुसऱ्याच्या हातात देतो? त्याला असं कोडं द्या जे पहिल्याच बैठकीत निदान थोडंतरी हलेल. यात कमीपणा काही नाही. ज्याला लवकर कंटाळा येतो त्यालाही कोड्याची मजा घेता येते, फक्त ती लवकर यावी लागते.

वयापेक्षा बोटं महत्त्वाची. सांधे दुखणाऱ्या, पकड कमी झालेल्या हातांना बारीक तारेची कोडी त्रास देतात, कारण तिथे दोन्ही हातांनी तुकडे नेमक्या कोनात धरून ठेवावे लागतात. त्यांच्यासाठी तळहातावर नीट बसणारे, जाड, गुळगुळीत, सैलसर फिरणारे तुकडे बघा. उलट, कमी दिसणाऱ्या किंवा अजिबात न दिसणाऱ्या माणसासाठी धातूचं कोडं फार छान भेट ठरते, कारण खाचा, फटी, वळणं बोटांना कळतात. फक्त खुणा रंगात किंवा नुसत्या छापलेल्या अक्षरांत नसाव्यात, कोरलेल्या असाव्यात.

आणखी एक प्रश्न हळूच विचारून घ्या: कोडं राहणार कुठे? ऑफिसच्या टेबलावर राहणार असेल तर खणखणाट करणारं नको. शेजारच्याचे शाप लागतील. बैठकीत चारचौघांच्या हातातून फिरणार असेल तर पुन्हा पहिल्यासारखं पटकन जोडता येणारं हवं, नाहीतर पहिल्या पाहुण्याने सोडवल्यावर दुसऱ्याच्या हाती नुसते तुकडे येतात.

कोड्यांच्या जाती

खरी निवड इथे होते, म्हणून इथे थोडं थांबू या.

सगळ्यात ओळखीची म्हणजे तारेची, गुंता सोडवायची कोडी. वाकवलेली तार, तिच्यात अडकलेली कडी, ती बाहेर काढायची. यातलं सर्वात साधं रूप म्हणजे एकमेकांत अडकवलेले दोन वाकडे खिळे. ते हातात घेऊन बघण्यासारखे आहेत. प्रत्येक खिळ्याला एक वेढा दिलेला असतो. वेढा पूर्ण बंद वाटतो, पण नसतो. खिळ्याचा एक भाग दुसऱ्याच्या शेजारून जातो आणि त्या दोन्हींच्या मध्ये आडवी फट राहते. माणूस पहिल्यांदा काय करतो, तर ओढतो. ओढलं की दोन्ही वेढे एकमेकांत घट्ट बसतात आणि फट नेमकी नको त्या बाजूला जाते. खिळे सैल सोडून एक स्थिर धरला आणि दुसरा त्याच्याभोवती वळवत नेला, की एका ठराविक कोनात दोन्ही फटी समोरासमोर येतात आणि अजिबात जोर न लावता खिळे सुटतात. पाहणाऱ्याला वाटतं हातचलाखी केली. इतकं साधं, पण या प्रकारच्या कोड्यांचं सगळं मर्म त्यात आहे: जोराने काही होत नाही, कोनाने होतं. अगदी नवख्या माणसाला खिळ्यांचं कोडं द्यायला मी मागेपुढे बघणार नाही.

दुसरी जात ओतीव तुकड्यांची. साच्यात ओतलेले दोन, तीन किंवा चार जड तुकडे एकमेकांत गुंतलेले असतात आणि त्यांच्या अंगावर खाचा, खोबणी, उंचवटे असतात. आज भेट म्हणून बहुतेक हीच दिली जातात, कारण ती दिसायला देखणी असतात. यात जपानच्या हानायामा कंपनीचं नाव सगळ्यात आधी घेतलं जातं. कंपनी १९३३ सालची, आणि तिची 'कास्ट' नावाची ओतीव कोड्यांची मालिका १९८० च्या दशकात सुरू झाली, ती आता 'हझल' नावाने विकली जाते. मालिका उभी करण्यात नोब योशिगाहारा या नामांकित जपानी कोडेकाराचा मोठा हात होता. पुढे नेदरलँडचे ऑस्कर फान डेव्हेंटर, फिनलंडचे वेसा टिमोनेन अशा रचनाकारांनीही तिच्यासाठी कोडी केली. 'मार्बल' हे कोडं फान डेव्हेंटर आणि ब्रॅम कोहेन यांचं. इंटरनेटवर फायली वाटून घेण्याची 'बिटटोरंट' पद्धत लिहिणारे ते हेच कोहेन. संगणकवाल्या मित्राला 'मार्बल' द्यायचं असेल तर एवढी माहिती चिठ्ठीत जरूर लिहा, भेटीचं वजन वाढतं.

तिसरी जात चालींची. इथे अडचण कुठे आहे हे पहिल्या दिवशीच कळतं. फक्त तिथपर्यंत पोचायला भरपूर चाली कराव्या लागतात. याचा जुना नमुना म्हणजे चिनी कड्या. तारेच्या एका लांबट फाशावर (वेढ्यावर) नऊ कड्या ओवलेल्या असतात आणि प्रत्येक कडी एका बारीक दांडीने खालच्या पट्टीला बांधलेली असते. फासा मोकळा करायचा. नियम हातात धरल्यावर आपोआप कळतो: टोकाची पहिली कडी हवी तेव्हा काढता-घालता येते, पण पुढची कुठलीही कडी हलवायची तर तिच्या लगेच अलीकडची कडी फाशावर असली पाहिजे आणि त्याच्याही अलीकडच्या सगळ्या उतरलेल्या असल्या पाहिजेत. म्हणजे दोन पावलं पुढे जाण्यासाठी आधी घातलेलं काढा, काढलेलं घाला. एका चालीत एकच कडी हलवायची असं धरलं तर पाच कड्यांना कमीत कमी २१ चाली लागतात, सातला ८५, नऊला ३४१. इटलीचे गणिती कार्दानो यांनी १५५० मध्ये छापलेल्या ग्रंथात या कोड्याची दखल घेतली होती. १८७२ मध्ये फ्रान्सच्या लुई ग्रो यांनी कड्यांच्या प्रत्येक स्थितीला शून्य-एकच्या भाषेत लिहून दाखवलं. पुढे अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेच्या फ्रँक ग्रे यांच्या नावावर १९५३ मध्ये ज्या संकेतपद्धतीचं पेटंट नोंदलं गेलं, ती 'ग्रे कोड' पद्धत (लागोपाठच्या दोन संख्या लिहिताना एकच अंक बदलणारी) या कड्यांच्या चालींशी तंतोतंत जुळते. गणिताच्या शिक्षकाला, प्रोग्रामरला, कोष्टकं मांडायला आवडणाऱ्या कोणालाही ही भेट अचूक बसते. मात्र जो चुकलं की वैतागतो त्याला नऊ कड्यांच्या वाटेला लावू नका. मध्येच लक्ष उडालं की पुढे चाललोय की मागे, हेच कळेनासं होतं. त्याला पाच कड्या पुरे.

चौथी, लपलेल्या यंत्रणेची. बाहेरून नुसती गुळगुळीत पृष्ठभागाची वस्तू. आत गोळी, खिट्टी, लोहचुंबक किंवा न दिसणारा चक्रव्यूह. डोळ्यांना काही कळत नाही. हलवून, तिरकं करून, ऐकून अंदाज बांधायचा. युक्तीची कुलपंही यातलीच. किल्ली सोबत मिळते, पण नुसती घालून फिरवली तर उघडत नाही. ज्याला 'आत काय असेल' या कुतूहलाने झोप लागत नाही, त्याच्यासाठी हे अमृत. ज्याला सगळं डोळ्यांसमोर मांडलेलं लागतं, त्याला मात्र ही फसवणूक वाटते, आणि त्याचंही काही चूक नाही.

कोड्याच्या अंगठ्या हा एक छोटा, वेगळा प्रकार. चार किंवा जास्त वेढी एकमेकांत अशी गुंफलेली की नीट लावली तर एक अंगठी होते, बोटातून काढून सैल सोडली की विस्कटते. वेढी एकमेकांपासून कधीच सुटत नाहीत, त्यामुळे तुकडा हरवण्याची भीती नाही. पण ती घालायची वस्तू आहे, म्हणजे बोटाचं माप कळलं पाहिजे. माप विचारलं तर गुपित फुटतं, न विचारता घेतली तर बसत नाही. जिचं माप ठाऊक आहे अशा व्यक्तीलाच द्यावी, आणि पहिल्यांदा देताना चार वेढ्यांचीच.

याखेरीज जोडायची कोडी असतात: सुटे तुकडे देऊन त्यांचा गोळा, ठोकळा किंवा तारा करायचा. ती भेट म्हणून जरा बेतानेच निवडावीत. डबा उघडल्यावर वस्तू न दिसता सुटे भाग दिसतात, त्यामुळे उत्साह तिथेच थोडा मावळतो.

आकडा कसा वाचायचा

कोड्यावर छापलेली काठिण्यपातळी ही त्या कंपनीने आपल्याच इतर कोड्यांच्या तुलनेत दिलेली असते. एकाचा 'तीन' म्हणजे दुसऱ्याचा 'तीन' नव्हे. कुठे पाच तारे असतात, कुठे दहापैकी गुण. हानायामाची मोजपट्टी १ ते ६ अशी आहे, आणि बरीच दुकानं तीच डोळ्यांसमोर ठेवून बोलतात. त्यांच्या 'लूप'ला १, 'डिस्क'ला २, 'मार्बल'ला ५ आणि 'एनिग्मा', 'चेन', 'क्वार्टेट' यांना ६ हा आकडा आहे.

पण हा आकडा अवघडपणाचं कारण सांगत नाही. एखादं ६ चं कोडं अवघड असतं कारण वाट लांबलचक असते, आणि दुसरं अवघड असतं कारण पहिली हालचालच सापडत नाही. 'न्यूज' नावाचं ६ चं कोडं घ्या. दोन अर्धुकं एकमेकांवर बसलेली, बाहेर काही दिसत नाही. तासभर हातात खेळवलं तरी पुढे सरकल्याचा पुरावा मिळत नाही. 'क्वार्टेट'मध्ये तुकडे डोळ्यांसमोर असतात, खुळखुळतात, सरकतात, फक्त ते सुटे झाल्यावर पुन्हा जोडताना तोंडचं पाणी पळतं. दोन्हींवर आकडा एकच, अनुभव मात्र दोन टोकांचे.

माझा ठोकताळा असा. पहिलंच कोडं असेल तर २ किंवा ३. माणूस किती का हुशार असेना, तुमच्या अंदाजापेक्षा एक पायरी खालचं घ्या. सोपं निघालं तर तो एका संध्याकाळी सोडवतो, घरच्यांना दाखवतो, "आता तुम्ही करा" म्हणतो आणि पुढचं मागतो. अवघड निघालं तर यातलं काहीच होत नाही. याला अपवाद एकच: ज्याच्या घरी अशा कोड्यांचं कपाट आहे. त्याला ३ चं कोडं दिलं तर तो तोंडदेखलं "वा!" म्हणेल. मात्र त्याच्याकडे काय आहे हे न विचारता घेऊ नका. संग्रह करणाऱ्याकडे नेमकं तेच असण्याची शक्यता दांडगी. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाच्या लिली ग्रंथालयात जेरी स्लोकम यांनी दिलेला यांत्रिक कोड्यांचा संग्रह आहे, त्यात ३० हजारांहून जास्त नग आहेत. तुमच्या ओळखीचा माणूस तिथवर पोचला नसेल, पण वाटेवर असू शकतो.

जोडणीचा मुद्दाही आकड्यात लपलेला असतो. सोडवणं आणि परत जोडणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पुष्कळदा दुसरं जास्त अवघड असतं. सोडवताना तुकडे हातात सैल होत होत अचानक सुटतात आणि नेमकी कोणती हालचाल शेवटची होती हे लक्षातच राहत नाही. त्यामुळे विक्रेत्याला हा प्रश्न जरूर विचारा: "परत जोडायला कसं आहे?" ज्याला अर्धवट राहिलेलं काम सहन होत नाही, त्याला दोन-तीन तुकड्यांचंच कोडं द्या.

धातू, वजन आणि अंगावरची चकाकी

ओतीव कोडी बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची असतात. हा धातू सुमारे ३८० अंश सेल्सियसला वितळतो, साच्याच्या बारीकसारीक कोपऱ्यात जातो, म्हणून गुंतागुंतीचे आकार त्यात नीट उतरतात. वर निकेल, क्रोम किंवा पितळी, तांबूस रंगाचा मुलामा असतो. म्हणजे पिवळं दिसतं ते पितळ असेलच असं नाही. खरं पितळ आणि स्टेनलेस स्टील कातून, घासून केलेल्या कोड्यांत मिळतं. ती महाग असतात आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. ॲल्युमिनियम हलकं: एकाच आकाराचा तुकडा जस्ताचा असेल त्याच्या साधारण चाळीस टक्केच वजनाचा भरतो. मुलांसाठी आणि दुखऱ्या हातांसाठी ते बरं. मोठ्यांना मात्र भेट हातात घेताच जाणवणारं वजन आवडतं, हे मान्य करायला हवं.

लाकडी कोड्यांपेक्षा धातूचा एक सरळ फायदा आहे. दमट हवेत लाकूड फुगतं आणि सरकणारा तुकडा जाम होतो. धातूचं तसं होत नाही. समुद्राजवळ राहणाऱ्याला कोडं पाठवताना हे लक्षात घेण्यासारखं आहे. मात्र तिथे साध्या लोखंडी तारेचं नको, ती गंजते.

निकेलची ॲलर्जी असणारी माणसं बरीच असतात. घड्याळाच्या पट्ट्याने किंवा नकली कानातल्यांनी ज्यांना खाज येते, त्यांना निकेलचा मुलामा असलेलं कोडं देऊ नका. तासन्‌तास हातात राहणारी वस्तू आहे ती. युरोपात त्वचेला सतत टेकणाऱ्या वस्तूंमधून किती निकेल सुटू द्यायचं याला कायद्याने मर्यादा घातलेली आहे. अंगठी घेताना तर हे विचारावंच.

लहान मुलं असतील तर

बहुतेक धातूची कोडी मोठ्यांसाठी केलेली असतात, आणि डब्यावर लिहिलेलं वय उगाच लिहिलेलं नसतं. तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर सुट्या होणाऱ्या छोट्या तुकड्यांचं कोडं त्या घरात पाठवू नये. खेळण्यांच्या तपासणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाचं एक नळकांडं वापरतात. त्यात जो तुकडा पूर्ण मावतो तो लहान मुलाच्या घशात अडकू शकतो असं धरतात. माप लक्षात ठेवायला सोपं आहे.

लोहचुंबक असलेलं कोडं असेल तर जास्तच सावध राहा. एकाहून जास्त चुंबक गिळले गेले तर ते आतड्यात एकमेकांना ओढून घेतात आणि मामला शस्त्रक्रियेपर्यंत जातो. हृदयात पेसमेकर असलेल्या माणसालाही चुंबकाचं कोडं नको.

आठ-दहा वर्षांच्या मुलाला द्यायचं असेल तर खेळणं म्हणून तपासलेलं आणि तसं लिहिलेलं कोडं घ्या. शोभेची वस्तू म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त धातूत शिसं असू शकतं. अमेरिकेत मुलांच्या वस्तूंत त्याचं प्रमाण दहा लाखांत १०० भागांच्या वर चालत नाही. तारेची टोकं गोल घासलेली असावीत, हे तर आलंच.

दुकानात हातात घेतल्यावर

उघडा नमुना मिळाला तर पाच मिनिटं मागून घ्या. नखाची कड हलकेच प्रत्येक काठावरून फिरवा. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे एक बारीक रेघ असते. चांगल्या कामात ती घासून टाकलेली असते, वाईट कामात नख तिथे अडकतं. खोबणीच्या आतल्या कोपऱ्यांत बघा, मुलामा तिथे फुगलेला किंवा सोललेला असला तर वापरात त्याची साल निघणार. मग तुकडे हळूच एकमेकांवर सरकवा. आवाज 'खर्र' असा यायला नको, 'टिक' असा यावा. तुकडे इतके घट्ट नसावेत की एखादी योग्य हालचालही होऊ नये, आणि इतके ढिले नसावेत की चुकीच्या वाटेनेही सुटावेत. हा दुसरा दोष नकलांमध्ये फार असतो: मूळ कोड्याचा साचा काढून केलेल्या नकलेत कडा बोथट होतात, खोबणी रुंदावते, आणि रचनाकाराने बंद केलेली वाट आपोआप उघडते. कोरलेली अक्षरं पुसट, डब्यावर रचनाकाराचं नाव नाही, किंमत संशय यावा इतकी कमी. तर ती नक्कल समजावी. रचनाकाराचं नाव गाळणाऱ्याकडून घेऊच नये, हे माझं ठाम मत.

ऑनलाइन घेताना हात लावता येत नाही, म्हणून मापं वाचा. फोटोत मुठीएवढं दिसणारं कोडं प्रत्यक्षात अंगठ्याएवढं निघतं. मिलिमीटर आणि ग्रॅम दोन्ही दिलेले नसतील तर विचारा. अभिप्राय वाचताना तारे सोडा, तक्रारी वाचा. "फारच सोपं" आणि "फारच अवघड" या तक्रारी एकाच कोड्याबद्दल असतील तर काळजी नको. "तुकडा अडकला", "मुलामा गेला", "डब्यातून निघालं तेव्हाच सुटं होतं" अशा तक्रारी पुन्हा पुन्हा दिसल्या तर सोडून द्या. आणि व्हिडिओ बघताना जपून. पुष्कळांत पहिल्याच मिनिटात उत्तर असतं.

दहा-बारा तारेच्या कोड्यांचा संच स्वस्तात मिळतो आणि मोह पडतो. अशा संचात बऱ्याचदा एकच युक्ती थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा वापरलेली असते. प्रवासाला निघालेल्या मुलांसाठी तो ठीक आहे. एका माणसाला मनापासून द्यायची भेट असेल तर त्याच पैशांत एकच चांगलं घ्या, किंवा तीन वेगवेगळ्या जातींची तीन घ्या.

आपण आधी सोडवून बघावं का?

यावर दोन मतं आहेत. माझं मत: डबा सीलबंद असेल तर फोडू नका. कोडं हा उघडून पुन्हा बांधता येईल असा प्रकार नाही. मुलाम्यावर पहिला ओरखडा कोणाचा, हा मान घेणाऱ्याचा. सीलबंद नसेल तर सगळे भाग आहेत ना, हलतंय ना, एवढं बघून थांबा. फार उत्सुकता वाटली तर स्वतःसाठी दुसरं घ्या. परत जोडता आलं नाही तर भेट द्यायच्या आदल्या रात्री हातात दोन तुकडे घेऊन बसायची वेळ येईल.

उत्तराचा कागद डब्यात असला तर तो काढून वेगळ्या पाकिटात घाला, चिकटवा आणि "महिन्याआधी उघडू नये" असं वर लिहा. काही कंपन्या उत्तर डब्यात ठेवतच नाहीत, ते त्यांच्या संकेतस्थळावर असतं. तसं असेल तर पाकिटात फक्त पत्ता लिहून ठेवा. याहून छान म्हणजे तीन चिठ्ठ्या. पहिलीत नुसती दिशा: "ओढू नका, फिरवा." दुसरीत कुठल्या खाचेकडे लक्ष द्यायचं ते. तिसरीत पूर्ण उत्तर. अडकलेल्या माणसाला उत्तर नको असतं, एक धक्का हवा असतो. या चिठ्ठ्यांसाठी तुम्हाला उत्तर वाचावं लागेल हे खरं, पण ते कागदावरचं. कोडं तसंच राहतं.

चिठ्ठीत एक वाक्य मात्र कुठलंही कोडं असो, लिहाच: "जोर लावावा लागत असेल तर वाट चुकली आहे." तारा वाकतात, ओतीव तुकड्यांची टोकं तुटतात, आणि वाकलेलं कोडं पुन्हा सुटत नाही. पक्कड, हातोडी, तेल यांचं काम नाही हेही सांगून ठेवलेलं बरं. तेल लावलं की धूळ चिकटते आणि लपलेल्या यंत्रणेतली गोळी जागच्या जागी बसते.

बांधणी आणि पोच

धातूवर धातू आपटला की ओरखडे पडतात, म्हणून दोन कोडी एका डब्यात सुटी टाकू नका. मऊ कापडाची पिशवी प्रत्येकाला वेगळी. ही पिशवी नंतरही कामाला येते, सुटलेले तुकडे तिच्यातच राहतात. नाव कोरून हवं असेल तर डब्यावर कोरा. कोड्याच्या अंगावर कोरलं तर मुलामा जातो, आणि सरकणाऱ्या पृष्ठभागावर कोरलेलं अक्षर बिचाऱ्या सोडवणाऱ्याला खूण वाटतं.

विमानाने नेत असाल तर सोबतच्या बॅगेत जड धातूचा गोळा क्ष-किरणांत काळाकुट्ट दिसतो आणि बॅग उघडायला लावण्याची शक्यता असते. चकचकीत कागदात आधीच गुंडाळलेलं असेल तर तो कागद तिथेच फाटतो. गुंडाळायचं काम मुक्कामी पोचल्यावर करा, किंवा कोडं विमानतळावर जमा करायच्या सामानात ठेवा.

देण्यापूर्वी कोड्याचा बंद अवस्थेतला फोटो दोन बाजूंनी काढून ठेवा. ओतीव कोडी परत जोडताना "आधी हे टोक वर होतं की खाली" यावर घरोघरी वाद होतात, तेव्हा तुमचा फोटो मागितला जातो. वापरानंतर कोरड्या मऊ कपड्याने पुसलं तरी पुरे. पितळ काळपट पडेल. कोणाला ते आवडतं, कोणाला नाही, पण घासायच्या पावडरी मुलामा असलेल्या कोड्यावर कधीच वापरू नयेत.

महिन्याभराने सहज विचारा, कोडं कुठवर आलं. एका संध्याकाळीच सुटलं असेल तर पुढच्या वेळी लगेच ६ वर उडी मारू नका, आधी जात बदलून बघा: तारेवरून ओतीववर, ओतीववरून कड्यांवर. अजून सुटलं नाही पण रोज हातात असतं, असं उत्तर आलं तर निवड चांगली होती. तेव्हा दुसरी चिठ्ठीही देऊ नका, त्याने मागेपर्यंत थांबा. आणि खणात गेलं असेल तर त्याच्याकडून ते मागून घ्या, एकत्र बसून पहिली हालचाल शोधा आणि तिथेच त्याच्या हातात परत द्या.